गाडा तिथंच उभा होता

फूटपट्टी प्लास्टिकची होती म्हणून तुटली. स्टीलची असती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर आम्ही दोघीच असायचो. नवरा पुण्याला कंपनीत, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. सहाला घरी आले की कुकर लावायचा आणि तिची वही बघायची, असा रोजचा क्रम. त्या वहीनं मला वेड लावलं होतं. फळ्यावरून उतरवून आणलेली गणितं सगळी चुकलेली. गंमत म्हणजे बेरीज-वजाबाकी बरोबर असायची, आकडेच भलते असायचे. आठाच्या जागी तीन, सहाच्या जागी शून्य. खाली बाईंचा लाल शेरा: ‘वर्गात लक्ष नसते.’

त्या दिवशी शेरा होता, ‘पालकांनी भेटावे.’

“फळ्यावर काय होतं?” मी विचारलं.

“हेच.”

“हेच? म्हणजे बाईंना आकडे लिहिता येत नाहीत?”

ती वहीकडे बघत राहिली.

“बोल की!”

“मला तसंच दिसलं.”

मला ते उलट उत्तर वाटलं. मी दप्तरातली फूटपट्टी काढली. आधी हातावर, मग दंडावर, मग ती वळली तेव्हा पाठीवर. ती ओरडली नाही, नुसती भिंतीला सरकत गेली, आणि ती ओरडत नाही याचाच मला जास्त राग आला. किती वेळ मारलं ते सांगता येत नाही. कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली, हे आठवतं. मग पट्टीचा कट्‌कन आवाज झाला, तुकडा उडाला आणि तिनं डावा डोळा दाबून धरला. बोटांमधून रक्त आलं.

मी टॉवेल धरला, तिला उचललं, जिना उतरून रिक्षा थांबवली. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती. मी तिच्या कानात सांगितलं, “बाथरूममध्ये पडलीस. नळावर आपटलीस. काय सांगायचं?”

“बाथरूममध्ये पडले. नळावर आपटले,” ती म्हणाली. एकदाच सांगितलेलं तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. हिचं लक्ष नसतं, असं मी वर्षभर म्हणत होते.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर पन्नाशी ओलांडलेल्या बाई होत्या, केस बारीक कापलेले, स्वतःला जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी जखम धुतली. भुवईच्या खाली चीर होती, बुबुळाला काही नव्हतं. चिकटपट्ट्या लावता लावता त्यांनी विचारलं, “कशानं लागलं?”

मुलीनं वाक्य म्हटलं. डॉक्टरांनी तिच्या दंडावरचे वळ बघितले, मग माझ्याकडे बघितलं. शेवटची पट्टी लावून म्हणाल्या, “हिची डोळ्यांची तपासणी कधी झालीय का?”

“नाही. तिला काही त्रास नव्हता.”

“त्रास नसतानाच करायची असते. शाळेत घालायच्या आधी एकदा तरी व्हायला हवी होती. लहान मूल तक्रार करत नाही. त्याला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं.” मग हात पुसत म्हणाल्या, “सूज उतरली की शनिवारी सकाळी या. दोन-अडीच तास जातील. घाई नको.”

शनिवारी आम्ही गेलो. तिला उंच खुर्चीवर बसवलं. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजेडाचा तक्ता होता, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. एकेक डोळा झाकून वाचायचं. डॉक्टर हातात काळ्या पळीसारखं झाकण घेऊन तिच्या चेहऱ्याजवळ गेल्या, आणि माझी मुलगी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खुर्चीतच गोळा झाली. कोपर कानांवर, हनुवटी छातीत.

डॉक्टर मागे सरकल्या. स्टुलावर बसल्या, हात मांडीवर ठेवले. “हे तूच धर,” त्या म्हणाल्या. “तुझ्या हातानं झाक. मी इथंच बसते. मी जवळ येणार असले की आधी सांगेन.”

पुढचा दीड तास त्यांनी तसंच केलं. “आता टॉर्च लावतेय, बाहुली लहान होते का बघायला.” “आता माझ्या बोटाकडे बघ, बोट कुठं जातं तिकडं डोळे ने, मान नको हलवू.” “आता एक डोळा झाकून लगेच उघडतेय, दोन्ही डोळे एकत्र काम करतात का ते कळतं.” प्रत्येक वेळी माझी मुलगी आधी श्वास रोखायची आणि मग हो म्हणायची. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर माझी पर्स घट्ट धरून बसले होते.

तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर तिला उजव्या डोळ्यानं ओळखता आलं. दुसऱ्या ओळीला ती अडखळली. डाव्या डोळ्यानं मोठं अक्षरही सांगता आलं नाही. “तिथं काहीतरी काळं आहे,” ती म्हणाली आणि चटकन माझ्याकडे बघितलं.

मग डोळ्यांत थेंब घातले, बाहुली मोठी होण्याचे. ते झोंबतात. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी तिनं हूं की चूं केलं नाही. शेजारी तिच्याच वयाची एक मुलगी थेंबांसाठी आकांत करत होती, तिची आई तिला कुरवाळत होती. मी त्या आरडाओरड्याकडे बघत राहिले. माझी मुलगी रडायचं कधी विसरली, ते मला सांगता आलं नसतं.

तासाभरानं डॉक्टरांनी एका पट्टीसारख्या उजेडानं तिच्या डोळ्यांत बघितलं. यात मुलाला काही विचारावं लागत नाही. उजेड कसा हलतो त्यावरून नंबर कळतो, असं त्यांनी सांगितलं. मग डोळ्याचा मागचा पडदा तपासला. शेवटी एक जड लोखंडी चौकट तिच्या नाकावर ठेवून त्यात भिंगं सरकवली. “आता वाच.”

ती वाचू लागली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. सहाव्या ओळीपर्यंत ती न थांबता गेली. डावा डोळा चौथीलाच थांबला.

“उजव्याला वजा तीन आहे, डाव्याला त्याच्या दुप्पट,” डॉक्टर म्हणाल्या. “फळा हिला कधी दिसलेलाच नाही. डावा डोळा न वापरल्यानं आळसावलाय, त्यासाठी उजव्यावर रोज दोन तास पट्टी लावायची. अजून वय आहे, सुधारेल. दोन वर्षं आधी आला असतात तर सोपं गेलं असतं.”

मला दोन वर्षं आठवत होती. पहिलीतली काठी. दुसरीतलं लाटणं. एकदा तिचं डोकं वहीवर आपटलं होतं, ‘नीट बघ’ म्हणत.

“आता तुम्ही बसा,” डॉक्टर म्हणाल्या.

“मला काही नाही.”

“वय काय?”

“एक्केचाळीस.”

“मग बसा. चाळिशीनंतर सगळ्यांनी तपासायचं असतं.”

तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मला बरं वाटलं, तेवढ्यापुरतं. मग मशीनवर हनुवटी टेकवून बसायला सांगितलं आणि डोळ्यावर हवेची एक फट्‌ बसली. काही दुखत नाही, पण मी दचकून मागे उडाले. डॉक्टरांनी पुन्हा केलं. मग दुसऱ्या यंत्रावर, सुन्न करणारा थेंब घालून, तेच मोजलं.

“डोळ्यातला दाब जास्त आहे. घरात कुणाला काचबिंदू?”

“नाही.”

“शेवटी दिसायचं बंद झालेलं कुणी?”

आबा. माझे वडील.

वेरूळच्या बाजूला आमचं गाव. आबांचा हात सगळ्या गावाला माहीत होता. आईला, मला, धाकट्या भावाला, बैलाला, कुणालाच त्यातून सुटका नव्हती. पन्नाशीनंतर तो हात वाढला. आबा सुईत दोरा ओवायचे, पोथी वाचायचे, आणि अंगणात बांधलेल्या वासराला अडखळून पडायचे. उठले की पहिला आवाज, “हितं कुणी बांधलं हे?” मग दावं हातात. घागर नेहमीच्याच जागी असायची, त्यांच्या पायाला लागायची, आणि आईच्या पाठीत बसायची. आम्हाला वाटायचं, म्हातारा मुद्दाम निमित्त काढतो. शेवटची दोन वर्षं त्यांना दिसतच नव्हतं. मोतीबिंदू पिकला, म्हणायचे सगळे. कुणी दवाखान्यात नेलं नाही. आबा बाजेवर बसून काठी हवेत मारायचे, शिव्या द्यायचे. खरं सांगते, मला आणि भावाला बरं वाटलं होतं. आता आम्ही त्यांना सापडत नव्हतो.

डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं, “वडिलांना. मोतीबिंदू होता.”

“नुसत्या मोतीबिंदूनं पूर्ण अंधार होत नाही,” त्या म्हणाल्या. “बाजूचं आधी गेलं होतं का? अडखळायचे?”

मी मान हलवली.

मग शेवटची तपासणी. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात बघायचं, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आजूबाजूला कुठंही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. एका वेळी एक डोळा. पाच-सात मिनिटं. सुरुवातीला ठिपके भराभर आले. मग थांबले. मी वाट बघत बसले. पुन्हा एक-दोन आले, पुन्हा लांबलचक काही नाही. तंत्रज्ञ मुलगी शेजारी उभी होती. माझं डोकं तडकलं.

“मशीन बंद पडलंय तुमचं!” मी ओरडले. “किती वेळ बसवून ठेवलंय! कुणाला येड्यात काढताय?” मी बटण टेबलावर आपटलं. त्याचं प्लास्टिकचं टोपण निघून खाली पडलं.

ती मुलगी घाबरून म्हणाली, “मॅडम, मशीन चालूय. ठिपके येतायत.”

डॉक्टर आत आल्या. कागद छापून आला होता, दोन्ही डोळ्यांचे दोन गोल. मधोमध पांढरं, आणि कडेनं काळं चढत आलेलं, डावीकडून सगळ्यात जास्त. दोन्ही गोलांत.

“ठिपके इथं आले,” डॉक्टरांनी काळ्यावर बोट ठेवलं. “तुम्हाला दिसले नाहीत. हा काचबिंदू. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून कुणाला कळत नाही. जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखायचं. रोज थेंब, जन्मभर.”

मी त्या काळ्याकडे बघत होते आणि मला मुकुंदवाडीचा माणूस दिसत होता.

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. कॉलेजातून येताना मुकुंदवाडीला, स्टेशनकडं जाणारा रस्ता फुटतो त्या बाजूला, माझी स्कूटी एका केळीच्या गाड्याला धडकली. मी पडले, गुडघा फुटला. गाडा उलटला, केळी रस्त्यावर. गाडेवाला साठीचा, धोतर नेसलेला, मला उठवायला पुढं आला. त्यानं माझा दंड धरला तोच मी त्याच्या तोंडात मारली. “दिसत नाही का? कुठनं मधी घुसलास?” आणखी एक मारली. त्याचा ओठ फुटला. तो म्हणत होता, “अवं बाई, ऐका तर...” माणसं जमली. बाई रडतेय, गुडघ्यातून रक्त येतंय, आणि म्हाताऱ्यानं तिचा दंड धरलाय, एवढं त्यांना पुरलं. शेजारच्या गॅरेजमधला एक दांडगा माणूस पाना घेऊनच आला. मी बघत होते. चार-पाच जणांनी त्याला गटाराच्या काठाला नेऊन तुडवलं. तो डोकं दोन्ही हातांत घेऊन गोळा झाला होता. मनगटावर पाना बसल्याचा आवाज मी ऐकला. मग कुणीतरी माझी स्कूटी उभी करून दिली आणि मी घरी निघून आले. त्या रात्री नवऱ्याला फोनवर रागानं सांगितलं, “एकदम डावीकडून आला, कुठून आला कळलंच नाही.”

दवाखान्यातून मुलीला शेजारणीकडं सोडलं आणि मी स्कूटी न घेताच निघाले. पडदा बघायला माझ्याही डोळ्यांत बाहुलीचे थेंब घातले होते, त्यांनी डोळे दिपत होते, दुपारचं ऊन टोचत होतं. आज गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेअर रिक्षानं मुकुंदवाडीला उतरले. केळीवाला तिथंच होता. उजव्या मनगटाला प्लास्टर. एका हातानं केळी मांडत होता. मला बघून त्यानं गाड्याचा दांडा धरला आणि दोन पावलं मागं गेला.

“बाबा,” मी म्हणाले, “त्या दिवशी चूक माझी होती. मला डावीकडचं दिसत नाही. आजच कळलं. तुम्ही मधी आला नव्हता.”

त्यानं दांडा सोडला नाही. मग म्हणाला, “मी हितंच उभा व्हतो. तासभर. सावलीला.”

“हो.”

“मी तेच सांगत व्हतो तवा.”

“हो.”

“मला सांगून काय उपेग?” त्यानं प्लास्टरचा हात गॅरेजकडं केला. “त्यास्नी सांगा. मला समद्यांम्होरं मारलं. बाईमाणसाच्या अंगाला हात लावला म्हनून मारलं. माझी सून हितं भाजी घ्यायला येत न्हाय आता. तिथं सांगा. मोठ्यानं.”

मी गॅरेजच्या दारात गेले. पान्याचा माणूस गाडीखाली होता, बाहेर आला. चहाच्या टपरीवर पाच-सहा जण होते. मी म्हणाले. माझ्या डोळ्यांना आजार आहे, मीच गाड्यावर जाऊन आदळले, त्या केळीवाल्या बाबांनी माझी छेड काढली नव्हती, ते मला उठवत होते. मोठ्यानं सगळं म्हणाले.

गॅरेजवाला पुढं आला. “मग आमी काय गुंड का, बाई? तुमीच बोंबलत व्हता ना? आता आमच्या डोक्यावर पाप घालता?”

“मारायला मी लावलं,” मी म्हणाले. “पण पाना तुम्ही मारला.”

त्यानं मला खांद्याला धरून ढकललं. मी टपरीच्या बाकावर आपटले, गरम चहा हातावर सांडला. या वेळी कुणी पुढं आलं नाही. चहावाल्यानं तेवढं म्हटलं, “जाऊ द्या हो ताई, जावा घरला.” केळीवाला लांबून बघत होता. त्यानं मला माफ केलं का, मला माहीत नाही. एका बाईनं केळी मागितली तसा तो तिकडं वळला.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, हा राग या आजारानं येतो का. माझ्या मनात आशा होती, ते लपवत नाही. त्या म्हणाल्या, “डोळ्यातल्या दाबानं माणूस मारत नाही. तुमचे वडीलही नाही, तुम्हीही नाही. त्याचा इलाज माझ्याकडे नाही, पण कुठं आहे ते सांगते.” त्यांनी कागदावर समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला. मी तो आठवडाभर पर्समध्ये ठेवला. मग एका संध्याकाळी मुलीनं उजव्या डोळ्यावरची पट्टी काढून फेकली, ‘काहीच दिसत नाही’ म्हणत, आणि मी तिचा दंड असा आवळला की चार बोटं उमटली. दुसऱ्या दिवशी मी त्या पत्त्यावर गेले. नवऱ्यालाही त्याच शनिवारी सगळं सांगितलं, बाथरूमच्या नळासकट. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपला. त्याला मी काय म्हणणार होते?

त्यानंतर हात उठला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. दोनदा उठला. दोन्ही वेळा मी जाऊन समुपदेशक बाईंना सांगितलं.

काचबिंदू घरात चालतो, म्हणून डॉक्टरांनी भावाला बोलवायला सांगितलं. तो चार वेळा नाही म्हणाला, “मला लई चांगलं दिसतं, तूच बघ तुझं.” पाचव्यांदा आला, आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन. त्याचा दाब ठीक निघाला. तो इतका मोकळा झाला की पायऱ्यांवरच हसायला लागला. दर वर्षी यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं, तर “येतो की” म्हणाला. पण त्याची पोरगी थेंब घालून झाल्यापासून भोकाड पसरून रडत होती, डोळे चोळत होती. पायरीवर ती खालीच बसली. भावाचं हसू गेलं. त्यानं तिला एका हातानं उचललं आणि दुसऱ्यानं कानशिलात दिली. “गप! गप म्हणलं ना!”

मी त्याचं मनगट धरलं. त्यानं हिसडा दिला. मी सोडलं नाही.

“तू शिकवणार का मला?” तो म्हणाला. “तू?”

त्याचं खरं होतं. मी नुसतं मनगट धरून उभी राहिले, आबांचंच मनगट, तेच रुंद हाड. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत होते. माझी मुलगी, चष्मा लावलेली, दोन पायऱ्या खाली उतरली आणि त्या रडणाऱ्या पोरीला म्हणाली, “थोडा वेळ झोंबतं. मग थांबतं. ऊन बघू नको.” मग तिला भिंतीच्या सावलीत घेऊन गेली.

भावानं हात सोडवून घेतला. पोरीला घेऊन तो रिक्षात बसला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. आता फोन करतो ते फक्त तपासणीची तारीख विचारायला. मी सांगते.